येळवशीला तू आला नाहीस

औसा
येळवशीनंतरचा चौथा दिवस

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

येळवशीला, वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, तू आला नाहीस. फोनवर म्हणालास, कंपनीत रिलीज आहे, सुट्टी मिळत नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी शेतातून परत आल्यावर भांडी घासता घासता तुझी ताई हळूच म्हणाली, "सुट्टीचं काही नाही गं आई. त्याचं वजन परत वाढलंय. गेल्या खेपेला सगळ्यांनी एवढं डोक्यावर घेतलं, आता कोणत्या तोंडानं येऊ म्हणतो." तेव्हापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही. हे फोनवर बोलता येत नाही. तू "हो गं आई, करतो" म्हणतोस, मग मी जेवलास का विचारते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

कोपी अण्णांनी यंदा विहिरीपलीकडच्या आंब्याजवळ केली होती. कडब्याच्या पेंढ्या, वर शाल, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव. भज्जी मी पहाटे तीनला चढवली. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चुका, हरभऱ्याचा पाला, वर चिंचेचा कोळ. आंबील आदल्या रात्रीच लावून ठेवली होती. पंगत मांडताना सवयीनं एक पत्रावळ जास्त मांडली गेली. अण्णांनी बघितली, काही बोलले नाहीत, पण ती उचललीही नाही.

वजन वाढलं म्हणून तू शेतात आला नाहीस, हे मला लागलं. आणि विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की यात माझाच वाटा मोठा आहे.

दोन वर्षांपूर्वी तू बसमधून उतरलास, ९४ चा ७८ होऊन. मी तुला घरी नेण्याआधी चार घरं फिरवून आणलं. "बघा माझं लेकरू, चार महिन्यांत सोळा किलो." सगळ्यांना दाखवलं. त्या चार महिन्यांत तू काय खाल्लंस, झोपत होतास का, चिडचिड होत होती का, केस का गळत होते, यातलं मी एक अक्षर विचारलं नाही. कौतुक केलं ते काट्यावरच्या आकड्याचं. मग आकडा फिरल्यावर तुला वाटणारच, की आईचं कौतुकही फिरलं. लेकरा, ती माझी चूक झाली. एकतीस वर्षं ज्या बाईनं नर्स म्हणून लोकांची लेकरं वजन केली, तिला तरी हे कळायला हवं होतं.

उपकेंद्रातला तो लटकता काटा तुला आठवतोय ना? शाळेला सुट्टी असली की तू माझ्याबरोबर अंगणवाडीत यायचास. आढ्याच्या हुकाला काटा, खाली कापडी झोळी, झोळीत रडणारं लेकरू. आई आधी आकडा विचारायची. "किती भरलं सिस्टर?" मी मात्र आकडा सांगायच्या आधी कार्ड उघडायचे. कार्डावर मागच्या महिन्याचा ठिपका, त्याच्या आधीच्या महिन्याचा ठिपका, आणि आज पेन्सिलीनं नवा. तिन्ही जोडले की रेघ होते. एखादं लेकरू हिरव्या पट्ट्यात असूनही तीन महिने रेघ आडवी गेली, की मला घोर लागायचा. आणि एखादं पट्ट्याच्या खूप खाली असूनही रेघ वर चढत असली, की मी त्या माउलीला म्हणायचे, "बाई, तुझं बरोबर चाललंय, हेच कर." एका ठिपक्यावरून मी कधी कुणाचं काही ठरवलं नाही. तुझं मात्र ठरवलं.

तुझी आणखी एक समजूत झालीय, की तुझ्यात निश्चय नाही म्हणून वजन परत आलं. ताईला म्हणालास म्हणे, "मी असाच आहे, माझ्याच्यानं होत नाही." हे मनातून काढ. मी सांगते ते नीट वाच.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुझे आजोबा, माझे वडील, रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे. घरात मिलोची लाल भाकरी, कधी कामावरची सुकडी. आजोबांच्या बरगड्या मोजता यायच्या. पाऊस झाला, पुढच्या साली ज्वारी आली, आणि मला स्पष्ट आठवतं, वर्षभरात त्यांना पोट सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा. आजी म्हणायची, दुष्काळ अंगात मुरलाय, आता अंग साठवून ठेवतंय. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

पुढं कळलं, की याची शास्त्रज्ञांनी नीट परीक्षा घेतलेली आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या राजीखुशीनं चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शिकण्यासाठी. त्या पोरांचं वजन जवळजवळ पावपट उतरलं. पण त्याबरोबर त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. ताटल्या चाटायचे, स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करायचे, सतत गारठलेले असायचे, उदास व्हायचे. आणि पोटभर खायला मिळू लागलं तेव्हा कितीही खाल्लं तरी भूक शमेना. शेवटी अंगावर चरबी चढली ती आधीपेक्षा जास्त. ती सगळी निरोगी, निवडून घेतलेली पोरं होती. त्यांच्यात काय निश्चय नव्हता?

तुझ्या त्या जिमच्या तक्त्यात काय होतं, ते ताईनं मला आता दाखवलं. उकडलेलं चिकन, अंड्याचं पांढरं, पावडरीचं दूध, काकडी. चार महिने भाकरी नाही, वरण नाही, शेंगदाणा नाही. बाळा, तुझ्या अंगाला काय कळणार की हा डाएट आहे? त्याला वाटलं, दुष्काळ पडलाय. चरबीतून लेप्टिन नावाचा एक संदेश मेंदूला जातो, की कोठारात धान्य आहे, काळजी नको. तो १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सापडला. चरबी घटली की हा संदेश कमी होतो. पोटातून भुकेचा जो संदेश निघतो, घ्रेलिनचा, तो वाढतो. ऑस्ट्रेलियात पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं आणि वर्षभरानं पुन्हा रक्त तपासलं. २०११ साली ते छापून आलं. वर्ष उलटून गेलं तरी भुकेचे संदेश पूर्वीच्या जागी आलेले नव्हते. म्हणजे तू ७८ वर आलास तेव्हा तुझी भूक ९४ च्या वेळेपेक्षा जास्त होती, आणि त्या भुकेशी तू एकटा, पुण्याच्या खोलीत, रात्री साडेअकराला भांडत होतास. वर्षभर भांडलास. मला तर तुझं नवल वाटतं.

मी हे तुला सोडून दे म्हणण्यासाठी लिहीत नाही. वजन उतरवणं हे एक काम आहे आणि उतरलेलं राखणं हे निराळं काम आहे. पहिलं तुला शिकवलं, भलत्या पद्धतीनं का होईना. दुसरं कुणी शिकवलंच नाही.

माझं सांगते. २०१८ साली माझी शुगर निघाली तेव्हा वजन ७४ होतं, उंची पाच फूट एक इंच. आज ६४ आहे आणि सहा वर्षं तिथंच आसपास आहे. हे दहा किलो उतरायला मला दीड वर्ष लागलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कुणी घरोघर फिरवून दाखवलं नाही. आपल्याकडच्या मापानं बॉडी मास इंडेक्स २३ च्या आत असावा म्हणतात. माझा अजून साडेसव्वीसच्या वर आहे. पण माझी शुगर ताब्यात आहे, गुडघे चालतात, आणि ही रेघ सहा वर्षं आडवी आहे. मोठ्या माणसाच्या कार्डावर आडव्या रेघेसारखी चांगली रेघ नाही.

सुरुवात चहापासून झाली. घरभेटीला गेलं की प्रत्येक घरी चहा. दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे साखर. चमचाभर साखर पाच ग्रॅम धर, म्हणजे साठ ग्रॅम साखर नुसती चहातून, २४० कॅलरी. एका भाकरीपेक्षा जास्त. आणि आपल्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. बाळंतिणीची सासू तोंड पाडून बसते. सुरुवातीला मी आजचा दिवस घेते, उद्यापासून नको, असं करत महिना काढला. मग एक दिवस ठरवलं, की घराच्या उंबऱ्यातच बोलायचं, चूल पेटायच्या आधी. पायातली चप्पल काढता काढता म्हणायचे, "मावशी, मला शुगर निघालीय, अर्धा कप, बिनसाखरेचा." चहा समोर आल्यावर नाही म्हणणं मला जमत नव्हतं. चप्पल काढताना जमायचं. पहिल्या दिवशी घशाला तो काढा लागला. तीनेक महिन्यांनी मी गल्लीत शिरले की आतून आवाज यायचा, "अगं सिस्टर आल्या, त्यांचा बिनसाखरेचा टाक." माझी आठवण गावानं स्वतःकडं घेतली होती. मला मन मारावं लागत नव्हतं, कारण साखरेचा कप समोर येतच नव्हता.

लंडनच्या विद्यापीठात लोकांना अशीच एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगून दिवस मोजले होते. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. आपल्याकडं एकवीस दिवसांचं सांगतात आणि बाविसाव्या दिवशी माणूस स्वतःला दोष देत बसतो.

दुसरं तेल. आम्ही तेव्हा तिघं होतो, मी, अण्णा आणि तुझी आजी. तेलाचा कॅन उघडला की मी त्यावर मार्करनं तारीख घालायला लागले. महिन्याला चार लिटर जात होतं! म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या वर. अर्धा-पाऊण लिटर पुरे असं आम्ही प्रशिक्षणात बायांना सांगत होतो आणि माझ्याच घरात हे. कढईत पळीनं ओतायचं बंद केलं, चमच्यानं घालायला लागले. आजी दोन महिने जेवताना "कोरडं कोरडं" म्हणत होत्या. मी येसर मसाल्यात हात सैल सोडला, लसूण-जिरं वाढवलं, तर्री कमी केली. आज दोघांना महिन्याला दीड लिटर लागतं आणि अण्णांना पूर्वीची भाजी दिली तर जड होते.

भाकरी मी सोडली नाही. सोडणारही नाही. तीनची दीड केली, आणि ताटात आधी भाजी, वरण, मोड आलेली मटकी, मग भाकरी, असा क्रम लावला. तुला आवडतं ते पिठलं, अंबाडीची भाजी, मेतकूट, ठेचा, सगळं घरात आहे. जे आयुष्यभर खाता येणार नाही ते चार महिने खाऊन काय करायचं, तूच सांग.

लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवायला सांगतात, ते तू मधे सुरू केलं होतंस, मला माहीत आहे. आपल्या गल्लीत चौघांनी केलं. दोघांना मानवलं, ते अजून करतात. दोघांनी सोडलं. मला गोळ्या असल्यामुळं डॉक्टरांनी नको सांगितलं. यात भांडण्यासारखं काही नाही. अमेरिकेत बोस्टनला चार निरनिराळे आहार १६० जणांना वाटून दिले होते, २००५ साली त्याचा निकाल आला. चारही आहारांत उतरलेलं वजन साधारण सारखंच, आणि ज्यानं जो धरला तो किती निष्ठेनं धरला, त्यावर सगळं अवलंबून. वर्षभरात बऱ्याच जणांनी सोडूनही दिला. तुला जो धरवेल तो धर.

ज्यांनी वजन राखून दाखवलं ते काय करतात, याचीही एक नोंदवही आहे. १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल या दोघांनी अमेरिकेत ती सुरू केली. निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर राखलेल्यांचीच नावं तिच्यात घेतात. दहा हजारांच्या वर माणसं आहेत. उतरवण्याच्या वाटा प्रत्येकाच्या वेगळ्या. राखण्याच्या मात्र बऱ्याच सारख्या. बहुतेक जण रोज सरासरी तासभर चालणं किंवा तसलंच काही करतात. चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. आणि जे दोन वर्षं राखतात, त्यांना पुढं राखणं सोपं जातं. ते दोन वर्षांचं वाचून मला धीर आला होता, कारण मी तेव्हा सव्वा वर्षावर होते.

तुझी आजी गेली तेव्हाचं सांगायचं राहिलं. त्या दोन महिन्यांत मी चालले नाही. दहाव्या-तेराव्याचा स्वयंपाक, येणारे-जाणारे, रात्री जाग. रडायला आलं की डब्यातली शेव. काट्यावर चढायची भीती वाटत होती. तुला आता वाटतेय ना, तश्शीच. एक दिवस चढले, ६८ भरलं, चार किलो जास्त. तिथंच बसून राहिले. मग कपाटातून जुनं वाढीचं कार्ड काढलं, कोरं. मागच्या बाजूला माझे स्वतःचे ठिपके घातले, २०१८ पासूनचे, वहीत होते तेवढे. ७४ पासून उतरत आलेली रेघ आणि शेवटी एक छोटासा चढ. एवढुसाच. बघितल्यावर जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे फक्त किल्ल्यापर्यंत गेले आणि परत आले. चार किलो परत उतरायला सात महिने लागले.

तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारामागं मी खडूनं लिहून ठेवलंय, ६६. रविवारी सकाळी वजन करते. ६६ दिसलं की घाबरायचं नाही, स्वतःला बोलायचं नाही, फक्त त्या आठवड्यात तेलाची तारीख बघायची, चहा मोजायचा, रात्रीची भाकरी अर्धी करायची. दोन किलोला आवरायचं, म्हणजे सोळावर पोचत नाही. तुला कुणी हे सांगितलंच नव्हतं. ७८ ते ८० झालं तेव्हा तुला वाटलं, संपलं सगळं. आणि काटा पलंगाखाली सरकवलास.

आता तुझ्या कंपनीच्या तपासणीचं. ताईनं मला आकडे सांगितले, तिच्यावर रागावू नकोस. वजन ९६, तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.१. हा मधुमेह नव्हे, त्याच्या आधीची पायरी आहे, पण माझं रक्त तुझ्यात आहे म्हणून मी डोळेझाक करू शकत नाही. आणि यात घाबरण्यापेक्षा धीर देणारंच जास्त आहे. २००२ साली अमेरिकेतला एक फार मोठा अभ्यास निघाला, ३२३४ माणसांचा, सगळी तुझ्यासारखी उंबऱ्यावरची. एका गटाला वजनाच्या सात टक्के उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला, एवढंच ध्येय दिलं होतं. तीनेक वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. गोळी दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. तुझे सात टक्के काढ: पावणेसात किलो. सोळा नाही. ९६ चे ८९ झाले आणि तिथं थांबले, तरी मी पेढे वाटीन. नाही, वाटणार नाही. ते परत करायचं नाही. मनात आनंद मानीन.

आणि चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्या भारतातल्या ५३१ जणांवर असाच अभ्यास केला, २००६ साली छापला. तिथं चालण्या-खाण्याच्या बदलानं धोका २८ टक्क्यांहून जास्त कमी झाला, आणि त्या लोकांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. म्हणजे काटा हलत नसला तरी चालणं वाया जात नाही.

वजन उतरवायच्या इंजेक्शनाचं तू ताईला विचारलंस. त्यात लपवण्यासारखं काय आहे? औषध आहे, चांगल्या डॉक्टरांना दाखवून त्यांनी सांगितलं तर घे. फक्त एवढं माहीत असू दे, की ती सेमाग्लुटाइडची सुई बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, असं तपासात दिसलंय. सुई घेतलीस तरी रात्रीचं साडेअकराचं जेवण तुलाच हलवावं लागणार.

तेच माझं मागणं आहे, आणि सध्या एवढंच. अमेरिकेशी तुझा कॉल नऊला सुरू होतो, साडेअकराला संपतो, मग तू मोबाइलवरून जेवण मागवतोस, साडेबाराला खातोस, दोनला झोपतोस, सातला उठतोस. त्या वेळेला थकलेल्या माणसाला पालक नको असतो, बिर्याणीच हवी असते. मलाही हवी असती. शिकागोमध्ये बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर त्यांचा तृप्तीचा संदेश १८ टक्क्यांनी उतरला आणि भुकेचा २८ टक्क्यांनी चढला. तुझी अशी झोप किती वर्षांची आहे?

तर जेवण कॉलच्या आधी कर. स्वयंपाकाच्या मावशींना सहाऐवजी साडेसातला बोलाव, पैसे जास्त मागितले तर दे. आठला ताट. लॅपटॉप उघडायच्या आधी ताट धुऊन झालं पाहिजे. आणि कॉल संपला, लॅपटॉप मिटला, की दुसरं काही करायच्या आधी दात घास. माझी जशी चप्पल होती, तसा तुझा ब्रश. भूक लागलीच तर दुधाचा ग्लास आहे, भाजलेले फुटाणे आहेत. एवढं दोन महिने बघ. वजनाचं मला सांगू नकोस, मी विचारणारही नाही. रात्री आठला फोन करीन, ताटात काय आहे ते ऐकायला. ज्या दिवशी नाही जमणार त्या दिवशी नाही जमलं म्हण, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा करीन.

चालायचं तुझ्या सोयीनं बघ. तुमच्या सोसायटीच्या खाली दुपारच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललास तरी सुरुवात झाली. इथं मे महिन्यात उन्हाचा तडाखा असतो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला किलोकिलोनं चिकटतो, मी घराच्या ओसरीत येरझाऱ्या घालते. ते शोभतं की नाही याचा विचार मी सोडला.

ज्वारीचं पीठ पाच किलो, येसर, मेतकूट, घरचे फुटाणे आणि येळवशीच्या रानातल्या तुरीची डाळ असं एका पिशवीत भरलंय. शुक्रवारी रात्री अण्णा ट्रॅव्हल्सवाल्याकडं देतील, शनिवारी पहाटे वाकडच्या पुलाखाली उतरवून घे. पिशवीत वर एक वाढीचं कोरं कार्ड ठेवलंय. मागची बाजू वापर. पहिला ठिपका ९६ चा घाल, पेन्सिलीनं.

हरभरा अजून हिरवा आहे, हुरडाही पंधरा दिवस मिळेल. अण्णांनी कोपी मोडलेली नाही, तू येईपर्यंत ठेवतो म्हणतात. एखाद्या शनिवारी ये. गल्लीत कुणी "अंगानं लई सुटलास की रे" म्हणालं, तर त्याला उत्तर मी देईन, ते माझ्यावर सोड.

तुझी,
आई

ता. क. ताईनं तुझं माझ्यापाशी सांगितलं म्हणून तिला बोलू नकोस. येळवशीच्या दिवशी ती जास्तीची पत्रावळ शेवटी तिनंच घेतली, अण्णांच्या शेजारी बसून जेवली.